चाकाचे स्टड बदलताय? आधी लांबी मोजा, ताकदीचं मग बघू

जुन्या स्पोर्ट्स कारला अलॉय चाकं बसवली की मागोमाग स्टडचा विषय निघतोच. स्टड म्हणजे हबमध्ये, चाक ज्यावर टेकतं त्या फिरत्या भागात, घट्ट बसवलेली आट्यांची खुंटी; चाकाचा नट तिच्यावर आवळतात. मूळ स्टीलच्या चाकाचा पत्रा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि अलॉय चाकाचं बूड चांगलं जाडजूड. काल पुरून उरणारा स्टड आज नटाच्या पोटात अर्ध्यावर संपतो. त्यात चाक थोडं बाहेर यावं म्हणून कोणी स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये बसणारी चकती, घातला असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी दुकानात गेल्यावर तोंडातून पहिलं वाक्य निघतं, ‘सगळ्यांत मजबूत असेल तो द्या.’ माझ्या मते ताकदीचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला लांबीचा. आणि हबच्या भोकात स्टड घट्ट बसतो का, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. नंतरची डोकेदुखी मात्र तिथूनच सुरू होते.

पुण्या-पिंपरीत एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, हेराल्ड किंवा त्या काळातली एखादी ब्रिटिश गाडी हौसेने चालती ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. डॅटसन किंवा आल्फा असेल तरी पद्धत हीच, फक्त आकडे वेगळे. वायर व्हीलवाल्या एमजीबीच्या मालकांनी इथेच थांबलं तरी चालेल. त्यांचं चाक खाचांच्या हबवर सरकतं आणि मधल्या एकाच मोठ्या नटाने आवळलं जातं, तिथे हे चार स्टड नसतातच.

स्टड ताणलेला असतो, म्हणून चाक टिकतं

चाक स्टडवर टांगलेलं असतं आणि गाडीचा सगळा भार त्या चार खुंट्यांवर येतो, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित लांबतो. तो मूळ लांबीला परत येऊ पाहतो, आणि त्या ओढीने चाक हबच्या तोंडावर दाबलं जातं. त्या दाबातून तयार होणारं घर्षण ब्रेकचा आणि वळणाचा जोर पेलतं. ढोलाची दोरी ओढून ताण दिला तरच पान बोलतं. दोरी कितीही जाड घ्या, ढिली असेल तर उपयोग शून्य. स्टडचं गणितही तेच.

ताण पुरेसा आहे तोवर चाकाच्या फेऱ्यागणिक स्टडवरचा भार फारसा बदलत नाही. ताण गेला की चाक बारीकसं हलायला लागतं, स्टड दर फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो, आणि शेवटी थकून तुटतो. तुटलेला स्टड फेकून देऊ नका, त्याचं तोंड नीट बघा. एका कडेपासून आत सरकत गेलेल्या वक्र रेषा आणि उरलेला भाग खडबडीत, असं दिसलं तर तो एका झटक्यात तुटलेला नाही, कित्येक दिवस चिरत गेला होता. अशा ठिकाणी नुसता वरच्या ग्रेडचा, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचा, स्टड घातला आणि नट ढिला पडण्याचं कारण तसंच ठेवलं, तर नवा स्टडही त्याच वाटेने जाणार. आणि एक तुटला म्हणजे त्याच हबवरच्या बाकीच्यांनी त्याच्या वाट्याचा भार सोसलेला असतो. ते सगळे बदला, एकट्याची भरती करू नका.

आधी आटे ओळखा

हेराल्ड-स्पिटफायर घराण्यात सर्वसाधारणपणे ३/८ इंची यूएनएफ (इंची मापाच्या बारीक आट्यांचे) स्टड, म्हणजे बाजाराच्या भाषेत तीन सुती, इंचाला २४ आटे. एमजी मिजेट आणि जुनी मिनी याच मापाच्या. ट्रायम्फ टीआर६ ला ७/१६, साडेतीन सुती, २० आटे. एमजीबीला १/२ इंच, चार सुती, तिथेही २० आटे. ही मापं पुस्तकातली. पन्नासेक वर्षांत तुमच्या गाडीचा हब कोणी आणि कशाने बदलला हे पुस्तकाला माहीत नसतं. व्हर्निअर आणि पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासायची पट्टी) लावून चारही चाकांचे स्टड स्वतः मोजा. पिच गेज जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी स्वस्तात मिळून जाईल. स्टड मात्र तिथून घेऊ नका.

मोजायचा कंटाळा केला तर काय होतं ते सांगतो. इंचाला २० आटे म्हणजे पिच १.२७ मिलिमीटर. मारुतीच्या चाकाचा नट एम१२, म्हणजे १२ मिलिमीटरच्या स्टडसाठीचा, पिच १.२५. पिचमधला फरक मिलिमीटरच्या दोन शतांशांचा. त्यामुळे मारुतीचा नट साडेतीन सुती स्टडवर अगदी गुमान चढतो. स्टड ११.१ मिलिमीटरचा आणि नट १२ मिलिमीटरसाठी कापलेला, म्हणून हाताला जरा डगमगतो, पण पान्हा लावला की आवळल्यासारखा वाटतो. आत आट्यांची फक्त टोकं एकमेकांना अडकलेली असतात. उलट बाजूने, चार सुती नट एम१२ च्या स्टडवर चढवला तरी हेच होतं. पंक्चरच्या दुकानात एखादा नट गटारात गेला आणि पोऱ्याने डब्यातला ‘तसाच’ दुसरा लावून दिला, तर शंका घ्या. नवा नट पूर्ण आत जाईपर्यंत हाताने फिरला पाहिजे आणि फिरताना आडवा हलता कामा नये.

लांबी: इथे घाई नको

नटात स्टडचे किती आटे गेले पाहिजेत? पोलादी नटासाठी चालणारा नियम असा की निदान स्टडच्या व्यासाएवढी लांबी आट्यांत गुंतलेली हवी. हे मोजायला वर्कशॉप लागत नाही. चाक जागेवर ठेवा, नट हाताने लावा आणि पहिला आटा पकडल्यापासून नट बसेपर्यंत पूर्ण फेरे मोजा. चार सुती स्टडला १० फेरे, साडेतीन सुतीला ९, तीन सुतीला ९, एम१२ × १.५ असेल तर ८, एम१२ × १.२५ ला १०. स्टडचं टोक निमुळतं, बिनआट्याचं असेल तर ते हिशेबात धरायचं नाही. मोजणीत एक-दोन फेरे कमी भरले तर ‘चालतंय की’ म्हणून सोडून देऊ नका.

नवा स्टड किती लांब घ्यायचा हे ठरवण्यासाठी चाक काढून बाकावर उलटं ठेवा. हबला टेकणारी बाजू वर येऊ द्या. एक नट त्याच्या बैठकीत खालून धरा आणि चाकाच्या टेकणाऱ्या तोंडापासून नटाच्या आतल्या टोकापर्यंतचं अंतर व्हर्निअरच्या मागच्या काडीने मोजा. मग हबवर या. ड्रम किंवा डिस्कच्या तोंडापासून स्टड किती बाहेर आलाय ते मोजा. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं आणि टोकाचा बिनआट्याचा भाग काढला की गुंतलेली लांबी मिळते.

उदाहरणादाखल आकडे धरू. चार सुती स्टड ३० मिलिमीटर बाहेर आहे, चाकाच्या तोंडापासून नट १४ मिलिमीटरवर सुरू होतो, टोकाचे २ मिलिमीटर वाया. उरले १४. गरज १२.७ ची, म्हणजे ठीक. आता ५ मिलिमीटरचा स्पेसर घाला: उरले ९, फेरे जेमतेम सात. हे रस्त्यावर न्यायचं नाही. याच गाडीला १० मिलिमीटरचा स्पेसर हवा असेल, तर स्टड ४० मिलिमीटर बाहेर येईल असा हवा.

हे झालं बाहेर दिसणारं माप. कॅटलॉगमधलं माप बहुधा डोक्याच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंतचं असतं. त्यात हबच्या फ्लॅन्जची, म्हणजे स्टड बसतात त्या चकतीची, जाडी आणि वर बसणाऱ्या ड्रमचा किंवा डिस्कचा पत्रा मिळवावा लागतो. इथे एक खोच आहे. एमजीबीसारख्या गाडीत पुढची डिस्क हबला मागून बोल्टने जोडलेली असते, त्यामुळे पुढे चाक थेट हबवर टेकतं. मागे ड्रम फ्लॅन्जच्या वरून बसतो, म्हणजे चाक आणि फ्लॅन्जच्या मध्ये ड्रमचा पत्रा येतो. म्हणून पुढचे आणि मागचे असे दोन्ही हिशेब स्वतंत्र करा. एकाच मापाचा संच चारही चाकांना घेतलात, तर निदान मोठ्या हिशेबावर घ्या आणि लहान बाजूला किती जास्त बाहेर येतंय ते तपासा.

कारण लांबी जास्त झाली तरी घोळ होतोच. चकचकीत बंद तोंडाचे नट वापरत असाल तर नटाची आतली खोली मोजा. स्टड टोपीच्या तळाला टेकला की टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला थांबायची खूण देणारा पान्हा) ‘टक्’ करून मोकळा होतो आणि चाक मात्र आवळलेलंच नसतं. हातात घेऊन हलवल्याशिवाय हे कळत नाही. लांब स्टडला मी उघड्या तोंडाचे नटच लावतो. दिसायला साधे, पण आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. मात्र नटाबाहेर बोटभर स्टड काढून ठेवण्यातही अर्थ नाही. शर्यतीत नट पटकन पकडावा म्हणून लांब, गुळगुळीत नाकाचे स्टड वापरतात. लक्ष्मी रोडच्या गर्दीत ते कोणाच्या तरी पोटरीला लागणार.

जाता जाता स्पेसरबद्दल. तो हबच्या मधल्या गोल भागावर नेमका बसणारा आणि पुढे चाकालाही तसाच गोल आधार देणारा असावा. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा भार वाढतो, हे लांब स्टडने सुटत नाही.

ताकद: कोणाला खरंच हवी

स्टडच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा असतो. पहिल्या आकड्याला शंभरने गुणलं की तुटायची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते आणि दशांशापुढचा आकडा सांगतो की त्याच्या किती भागावर पोलाद कायमचं ताणलं जाईल. म्हणजे ८.८ ला ८०० आणि ६४०, १०.९ ला १००० आणि ९००. अमेरिकी मालावर आकड्याऐवजी डोक्यावर रेघा असतात: तीन रेघांचा ग्रेड ५ साधारण ८.८ च्या जवळ, सहा रेघांचा ग्रेड ८ साधारण १०.९ च्या जवळ.

आता दोन गाड्यांचा हिशेब करू. एमजीबीच्या नटाचा टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पीळ, ६० ते ६५ फूट-पाउंड, मधला धरला तर ८५ न्यूटन-मीटर. कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी टॉर्कचा गुणांक (नट फॅक्टर, घर्षण कमी झालं की तोही उतरतो) ०.२ घेतला तर एका स्टडमध्ये साधारण ३३ किलोन्यूटन, म्हणजे तीन टनांहून जास्त ताण बसतो. चार सुती स्टडचं ताण पेलणारं क्षेत्रफळ १०३ चौरस मिलिमीटर. भागाकार केला की ३२५ मेगापास्कलच्या आसपास. ८.८ च्या मर्यादेच्या निम्मा. एमजीबीच्या स्टडमध्ये भरपूर राखीव ताकद आहे. तिला लांबी हवी असते, मजबुती फारशी नाही.

स्पिटफायर किंवा हेराल्डचा टॉर्क ४० फूट-पाउंडच्या आसपास, म्हणजे ५४ न्यूटन-मीटर. तीन सुती स्टडचं क्षेत्रफळ फक्त ५७ चौरस मिलिमीटर. त्याच हिशेबाने ताण २८ किलोन्यूटन आणि पोलादावर जवळपास ५०० मेगापास्कल. हा स्टड ८.८ चा असेल तर मर्यादेच्या पाऊण भागाच्या वर गेला. त्यावर कोणी प्रेमाने ग्रीस चोपडलं तर गुणांक ०.१५ वर येतो, त्याच टॉर्कला ताण ३८ किलोन्यूटनपर्यंत चढतो आणि आकडा ६६० च्या पलीकडे जातो, म्हणजे ६४० ची रेघ ओलांडून. स्टड कायमचा ताणला गेला आणि कोणाला पत्ताही नाही. तीन सुती स्टड ‘कमजोर’ म्हणून बदनाम का झाले, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. या गाड्यांना वरचा ग्रेड घेण्यात अर्थ आहे.

मग थेट १२.९ का नको? त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ३९ ते ४४ असतो. इतक्या कडक पोलादाला विजेवरची जस्ताची प्लेटिंग केली की त्यात हायड्रोजन शिरतो, आणि आवळून ठेवलेला स्टड काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानासुद्धा, काचेसारखा कडाडून जाऊ शकतो. प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत २०० अंशांच्या आसपास काही तास भाजून हा धोका कमी करतात. भोसरीतल्या प्लेटिंगवाल्याकडे किलोच्या भावाने माल टाकताना ही भाजणी कोणी सांगितल्याशिवाय होईल याची खात्री धरू नका. माझी पसंती १०.९, काळ्या ऑक्साइडचा किंवा फॉस्फेटचा थर, फार तर झिंक फ्लेक (विजेशिवाय चढवलेला जस्ताच्या कणांचा थर). किंचित गंज दिसला तर तारेचा ब्रश आहे.

आटे कापलेले की लाटलेले, हेही विचारा. रोलिंगने लाटलेल्या आट्यांच्या मुळाशी पोलाद दाबलं जातं, म्हणून थकव्याला ते जास्त दाद देत नाही. लेथवर टूलने कापलेल्या आट्याच्या तळाशी बारीक ओरखडा राहतो आणि चीर तिथूनच सुरू होते. ‘साहेब, नमुना द्या, ईएन८ मध्ये संध्याकाळपर्यंत करून देतो’ असं म्हणणारा टर्नर कामाला हुशार असतो यात वाद नाही. त्याच्याकडून बुश करून घ्या, स्पेसर करून घ्या. स्टड नको. ईएन८ हे साधं मध्यम कार्बनचं पोलाद, हीट ट्रीटमेंटशिवाय ते ८.८ लाही पोहोचत नाही. जुना स्टड वेल्डिंगने वाढवून देणारेही भेटतात. त्यांना हात जोडावेत.

ग्रेड वाढवला म्हणून टॉर्क वाढवायचा नाही, हेही लक्षात असू द्या. अलॉय चाकाची बैठक, नट आणि हब तेच आहेत. तेवढ्याच टॉर्कला ताणही तेवढाच, फक्त मर्यादा लांब गेली. जाड स्टडला मात्र तेवढ्याच ताणासाठी जास्त टॉर्क लागतो: तीन सुतीचा २८ किलोन्यूटन ताण साडेतीन सुतीत आणायचा तर ५४ ऐवजी साधारण ६३ न्यूटन-मीटर.

जाड स्टड बसवायचा मोह

तीन सुतीऐवजी साडेतीन सुती घेतला तर क्षेत्रफळ ३५ टक्के वाढतं, एम१२ × १.५ घेतला तर ५५ टक्के. आकडे गोड आहेत. पण त्यासाठी हबची भोकं मोठी करावी लागतात आणि हे काम उभ्या ड्रिलवर डोळ्याने करायचं नाही. भोकांचं वर्तुळ जरा सरकलं की चाक मधोमध बसत नाही आणि मग ताशी ७० ला स्टिअरिंग थरथरतं. हबच्या मधल्या भोकावरून केंद्र पकडून मिलिंग मशीनवर, शेवटचा हात रीमरने मारून हे करावं. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात असं काम नीट करणाऱ्या टूलरूम सहज सापडतात. पुण्यात राहण्याचा हा एक फायदा. भोक आणि फ्लॅन्जची कड यांत किती धातू उरतो ते आधी कागदावर काढा. चाकांची भोकं, ड्रमची भोकं आणि नटसुद्धा मग बदलणार, हेही हिशेबात धरा.

हा बदल परतीचा नाही. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्राची वेगळी विंटेज नोंदणी आहे. पुढे तिथे जायचा विचार असेल, तर मूळ हब कापण्याआधी दुसरा हब मिळतो का ते शोधा. मूळ मापाचा, वरच्या ग्रेडचा स्टड बहुतेकांना पुरतो.

भोक आणि नर्लिंग

दाबून बसवायच्या स्टडच्या मानेवर उभ्या दातांचा पट्टा असतो, ते नर्लिंग. ते हबच्या भोकापेक्षा किंचित मोठं असतं आणि भोकात घुसून बसतं, म्हणूनच नट आवळताना स्टड गरागरा फिरत नाही. कॅटलॉगात आटे आणि लांबी जुळली म्हणून पैसे देऊ नका. नर्लिंगचा व्यास आणि त्याची लांबी बघा. नर्लिंग फ्लॅन्जच्या जाडीपेक्षा लांब असेल तर ते बाहेर डोकावतं आणि ड्रम नीट टेकत नाही.

भोक मोजायचं ते जुना स्टड काढल्यावर, आणि दोन-तीन दिशांनी, कारण जुन्या दातांनी तिथे खाचा पाडलेल्या असतात. नवा स्टड हाताने आत सरकला तर तो त्या हबसाठी नाहीच. मोठ्या नर्लिंगचा शोधा. मागून वेल्डिंगचा टिपका मारून फिरणं थांबवायचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. त्या उष्णतेने स्टडचं हीट ट्रीटमेंट जातं आणि डोक्याशीच तो ठिसूळ होतो. आटे चिकटवणारं लॉकटाइटही यावरचं औषध नाही. उलट बाजूने, नर्लिंग फारच मोठं असेल तर जुना ओतीव हब तडकू शकतो. किती जास्त चालेल याचा आकडा स्टड बनवणाऱ्याकडून घ्यायचा, अंदाजाने नाही.

डोक्याचा आकारही बघा. मागे बॅकप्लेटला किंवा ब्रेकच्या भागाला ते घासणार नाही ना? काही डोकी एका बाजूने सपाट कापलेली असतात, ती फ्लॅन्जच्या कठड्याला टेकून बसावीत म्हणून.

कुठे शोधायचं

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांतून फिरलात तर कोणीतरी जुन्या जीपचे स्टड काढून देईल. विलीसच्या जीपला चार सुती, २० आट्यांचेच स्टड, त्यामुळे एमजीबीवाल्याचे डोळे चमकतात. दोन गोष्टी तपासा. जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत, आणि डब्यात दोन्ही प्रकार एकत्र पडलेले असतात. शिवाय मानेचा व्यास तुमच्या हबशी जुळेलच असं नाही. रविवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानांत उत्तम १०.९ चे बोल्ट मिळतात. त्यांची डोकी तासून स्टड करायचा विचारही करू नका, त्यांना नर्लिंग नसतं.

माझा कल परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या पार्टवाल्यांकडून मागवण्याकडे. लांब स्टड ते गाडीच्या मॉडेलनुसार ठेवतात. एआरपीसारख्या कंपन्यांचे ८७४० क्रोम-मॉली पोलादाचे स्टडही मिळतात, आणि त्यांच्या कॅटलॉगात आटे, नर्लिंग, डोक्याखालची लांबी असं सगळं छापलेलं असतं. एक-दोन जास्त मागवा. कस्टम भरताना जीव वर-खाली होतो, पण ते एकदाच.

माल कोणाकडूनही घ्या, एक स्टड कडकपणा तपासायला द्या. डोक्यावर १०.९ ठोकायला फक्त एक पंच लागतो. भोसरी-चिंचवड भागात मटेरियल टेस्टिंगच्या लॅब आहेत. टोक सपाट घासून रॉकवेल सी वर माप घेतात: १०.९ साठी ३२ ते ३९ च्या मधलं यायला हवं. २५ आलं तर तो ८.८ आहे, ४२ आलं तर १२.९ च्या घरात, आणि त्यावर चकचकीत पिवळं-पांढरं प्लेटिंग असेल तर परत करा.

काढणं आणि बसवणं

हातोड्याने ठोकून स्टड काढायची सवय सोडा. हब गाडीवर असताना घाव घातला की तो बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत जातो आणि नंतर घूं-घूं आवाज कुठून येतो ते शोधत बसावं लागतं. हब काढा, फ्लॅन्जला अगदी स्टडच्या भोवती पाइपच्या तुकड्याचा आधार द्या आणि हायड्रॉलिक प्रेसवर ढकला. ज्या गाडीत डिस्क हबच्या मागे बोल्टने आहे तिथे ती आधी सोडवावी लागेल. मग लगे हात बेअरिंगचं ग्रीसही बदलून घ्या.

नवा स्टड प्रेसनेच सरळ आत न्या. डोकं मागे पूर्ण टेकलं पाहिजे. फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) सर्वांत पातळ पट्टीही खाली शिरता कामा नये. प्रेसखाली नेणं शक्य नसेल तर वॉशरची चळत आणि टाकाऊ नट लावून ओढून घेता येतो. वॉशरच्या मध्ये तेलाचा थेंब द्या, साधा लांब पान्हा वापरा. इम्पॅक्ट गनने ओढलात तर चाक लागायच्या आधीच आटे ताणले जातात. तो नट पुन्हा वापरायचा नाही.

हब आणि ड्रमच्या तोंडावरचा गंज, रंगाचे पापुद्रे आणि जुनं ग्रीस सगळं उतरवा. धातूला धातू भिडला पाहिजे.

नट, रंग आणि टॉर्क

नटाची बैठक चाकाशी जुळते का बघा. जुन्या स्टीलच्या चाकांना बहुधा ६० अंशांचा निमुळता नट, काही गाड्यांना गोल बैठकीचा, आणि मिनिलाइटसारख्या काही अलॉयना सरळ नळीचा, खाली वॉशर असलेला. चुकीचा नट फक्त एका कडेवर टेकतो आणि पहिल्याच घाटात ढिला होतो.

पुण्यात हल्ली जो तो चाकं पावडर कोटिंगला टाकतो. दिसतात झकास. पण नटाच्या बैठकीवर आणि हबला टेकणाऱ्या तोंडावर तो थर राहिला, तर दाबाखाली तो हळूहळू सरकतो आणि स्टडचा ताण कमी होत जातो. दिवे घाटातून खाली उतरताना ब्रेक तापले की हे आणखी लवकर होतं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. कोटिंगवाल्याला या जागा टेपने झाकायला सांगा. नाही झाकल्या तर बैठकी हाताने स्वच्छ करून घ्या.

आटे कोरडे आणि स्वच्छ. स्टड बनवणाऱ्याने विशिष्ट वंगण आणि त्याचा टॉर्क दिला असेल तर तो पाळा, पण गाडीच्या पुस्तकातला कोरडा टॉर्क आणि ग्रीस यांची जोडी लावू नका. चाक हवेत असताना चारही नट हाताने बसवा, मग समोरासमोरचे आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, गाडी खाली टेकवून शेवटचा टॉर्क द्या. पंक्चर काढून झाल्यावर हवेची गन घेऊन येणाऱ्याला थांबवा, डिकीतून टॉर्क रेंच काढा आणि स्वतः करा. तो हसेल. हसू दे.

नवे स्टड किंवा नवी चाकं लागल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर, चाकं थंड असताना, टॉर्क पुन्हा तपासा. नट फिरला तर पुढच्या फेरीनंतर परत बघा. दोन-तीन वेळा तपासूनही तोच नट फिरत असेल, तर चाक काढून त्या स्टडचं डोकं मागे टेकलंय का आणि बैठकीत रंग उरलाय का, ते शोधा.

आणि स्टेपनी. चार चाकं अलॉयची, स्टेपनी मात्र मूळ स्टीलची असेल, तर अलॉयचे नळीवाले किंवा बंद तोंडाचे नट तिच्यावर चालणार नाहीत: पत्रा पातळ, स्टड लांब, नट टेकायच्या आधीच स्टड टोपीला लागतो. योग्य बैठकीचे चार उघडे नट एका पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवा, आणि एकदा अंगणात, उजेडात, ते चाक लावून फेरे मोजून बघा.